मागच्या भिंतींचे फोटो

फोटोवाल्या वहिनींच्या दुकानाला पाटी नाही. लागतही नाही. आमच्या गल्लीत ज्याला कुठल्या कार्डावर, परवान्यावर नाहीतर दाखल्यावर स्वतःचं तोंड चिकटवायचं असतं, तो आपसूक त्यांच्या दारात येतो. पुढची खोली म्हणजे स्टुडिओ. तिथं पांढरा पडदा, एक स्टूल, छत्रीवाले दिवे आणि खिळ्याला कंगवा टांगलेला आरसा. मागची खोली म्हणजे घर. आणि दोन्हींच्या मधल्या दारात, चाकाच्या खुर्चीत, वहिनींचे यजमान. त्यांना सगळी गल्ली झुलेकर म्हणते. खरं आडनाव वेगळं आहे, पण ते मतदार यादीत सोडून कुठं सापडायचं नाही.

झुलेकर मोठ्या शहरात उंच इमारतींना रंग द्यायचे. गच्चीवरून दोर सोडायचे, दोरांना फळी बांधायची, त्या फळीला झुला म्हणायचं आणि झुल्यावर बसून भिंत रंगवत रंगवत खाली यायचं. तिकडंच टोळीबरोबर राहायचे, घरी पाहुण्यासारखे यायचे. एक दिवस वरची गाठ सुटली. पाय गेले. बाकी माणूस होता तसाच राहिला, जरा जास्त तिखट झाला इतकंच. त्यानंतर मी त्यांच्यासाठी कुणाकुणाच्या टेबलावर हात आपटले ते इथं सांगत नाही. माझं डोकं तापतं आणि विषय राहतो बाजूला. त्या भांडणांच्या निमित्तानं मी त्या घरात जाऊ लागले. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना दादा.

विषय वहिनींच्या कॅमेऱ्याचा आहे.

एकदा एक बाई फोटो काढायला आली होती. पदर सारखा करता करता तिनं सहज विचारलं, "काका काय करतात?" वहिनी उत्तर देणार तेवढ्यात दारातून आवाज आला, "रंगारी होतो."

वहिनींनी फोटो काढला, बाईला पाठवून दिलं आणि कमरेवर हात ठेवून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"होतो म्हणजे?"

"होतो म्हणजे होतो. आता काय खुर्चीवरून रंगवू?"

"भिंती उभ्या आहेत ना अजून?"

"असतील."

"मग होतो कसलं? मी जाते आणि फोटो काढून आणते. तुमच्या एकेका इमारतीचा. इथं लावते, पडद्याशेजारी. पुन्हा कुणी विचारलं तर तोंड उघडू नका, नुसतं बोट दाखवा."

मी तिथंच बसले होते, एका अर्जासाठी माझाच फोटो काढायला. झुलेकरांनी माझ्याकडं पाहिलं. "ताई, हिला समजवा. ही बाई भाजी आणायला गेली तरी रस्ता चुकते."

"तुम्ही तुमचं बघा," मी म्हटलं. "मी वहिनींच्या पक्षात."

झालं. बेत ठरला. आता बेत ठरणं आणि बेत आखणं यात किती अंतर असतं, ते मोर्चे काढणाऱ्या माणसाला विचारावं.

पहिलं घोडं अडलं पत्त्यापाशी. झुलेकरांनी फोटोच्या कागदाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्याच्या मागं नकाशा काढून दिला. मोठ्या मनापासून काढला. वहिनींनी तो आडवा धरून पाहिला, मग उभा धरला, मग माझ्या हातात दिला. सगळीकडं चौकोन, चौकोनांत गोल. मधूनच एक उंच काठी.

"हे गोल काय?"

"पाण्याच्या टाक्या."

"आणि काठी?"

"मोबाइलचा मनोरा. तिथून डावीकडं हिरव्या पत्र्याची गच्ची दिसते. तिच्या पलीकडं माझी पहिली इमारत."

"अहो, रस्ते कुठायत?" वहिनी म्हणाल्या. "मी काय टाक्यांवरून उड्या मारत जाऊ?"

"रस्ते मला काय माहीत? सकाळी अंधारात ठेकेदाराची गाडी आम्हाला सोडायची, दिवे लागल्यावर उचलायची. मधल्या वेळात मी वरच असायचो. वरून सगळे रस्ते सारखेच दिसतात."

बरीच वर्षं त्या शहरात काढलेला हा माणूस, आणि त्याला ते शहर फक्त गच्च्यांचं ठाऊक. वहिनी हसून हसून स्टुलावर बसल्या. "ताई, हे खरोखरच उंटावरून शेळ्या हाकतायत."

मग माझं काम लागलं. ते शहर मी पायांनी ओळखते. घोषणा देत फिरलेल्या माणसाला कुठला रस्ता कुठं अरुंद होतो आणि बायकांना जायला संडास कुठं मिळतो ते पक्कं माहीत असतं. ते वरून सांगायचे, मी खालून जोडायची. "त्या गच्चीवर मोठं घड्याळ आहे का?" "आहे." "मग खाली टपाल कचेरी. तिथं आम्हाला एकदा अडवलं होतं." असा तो पुठ्ठा हळूहळू भरत गेला.

दुसरं घोडं अडलं फोटोपाशी. सराव म्हणून वहिनी गावाबाहेरच्या गोदामाचा फोटो काढून आल्या. झुलेकर शहरात जाण्याआधी त्यांनी रंगवलेलं ते गोदाम. फोटो कसा, तर अगदी कार्डावरचा. गोदाम सरळ समोर बघतंय, डोक्यावर बोटभर जागा, मागं मोकळं आभाळ.

"बघा, दोन्ही कान सारखे आलेत," वहिनी अभिमानानं म्हणाल्या.

झुलेकरांनी फोटो परत दिला. "छान आहे. पण हे माझं नाही."

"म्हणजे? तुम्हीच नाही का रंगवलंत?"

"पुढची बाजू नाही. पुढची बाजू ठेकेदार आपल्या माणसाला देतो. तिथं परांची बांधतात, मालक येऊन बघून जातो, शाबासकी मिळते. मी कायम मागं. सांडपाण्याचे पाइप, कबुतरांची घाण आणि झुलाही नीट फिरत नाही असली बोळं. तिथं माझे तीन तीन हात आहेत."

रंगाच्या एका थराला हात म्हणतात. पहिला हात, दुसरा हात. वहिनींना इतक्या वर्षांत हे माहीत असणारच, तरी त्या त्यांच्या मांडीवरच्या हातांकडं बघत राहिल्या.

"माणसाला दोन आणि भिंतीला तीन," त्या म्हणाल्या. मग एकदम चिडल्या. "पण मी आजवर कुणाचा पाठमोरा फोटो काढलेला नाही. पाठमोरा माणूस कुठल्या कार्डावर चालतो?"

"मग राहू दे."

"राहू दे कसं? कुठली पाठ कुणाची ते मला कोण सांगणार? सगळ्या इमारती मागून सारख्याच. तुम्ही चला."

अपघातानंतर झुलेकर गल्लीच्या टोकापर्यंतही गेले नव्हते. मला वाटलं आता भडका उडणार. पण ते म्हणाले, "बघू." वहिनींनी तेवढ्यावरच बॅग खाली काढली, आणि मी खुर्चीसकट चढता येईल अशी गाडी शोधायला लागले.

गाडी मिळाली. मग रस्ता पक्का करायला बसलो, आणि तिथं माझ्या लक्षात आलं की हा माणूस काहीतरी लपवतोय.

"पूल ओलांडला की सरळ," मी म्हटलं. "सगळ्यात मोठी इमारत तिथंच ना, तुमची?"

"पुलावरून नको. कालव्याच्या बाजूनं जाऊ."

"दादा, तो केवढा वळसा. आणि रस्ता खडबडीत, तिथं गाडी जात नाही. खुर्ची ढकलणार कोण, मीच ना?"

"पुलाकडं धूळ फार असते."

"आयुष्यभर खरवडलेल्या भिंतींची धूळ खाल्लीत, आणि आज धुळीचं सांगता? मला शेंडी लावू नका."

वहिनी हळूच म्हणाल्या, "टोळी तिथं आहे. पुलापलीकडं. मोठ्या इमारतीचं काम पुन्हा निघालंय."

झुलेकरांनी त्यांच्याकडं पाहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

"मुकादमाच्या बायकोनं. ती बोलते माझ्याशी."

आता माझा पारा चढला. अपघातानंतर त्या टोळीतलं एक माणूस या दारात आलेलं नव्हतं. ना भेट, ना फोन. एका भांड्यात जेवलेली माणसं. मी म्हटलं, "त्यांना घाबरून तुम्ही वळसा घालणार? लाज त्यांना वाटायला पाहिजे. उलट भर कामाच्या वेळी जायचं, झुल्याखाली खुर्ची लावायची आणि वर बघायचं. बघू दे त्यांना."

"ताई, जरा ऐका." त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मऊ झाला होता. "दोरावर असताना पडलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं. त्याच्या घरी जायचं नसतं. आमच्यात तसं असतं. मीही कुणाकडं गेलो नाही. त्यांचा राग नाही मला."

"मग वळसा कशाला?"

"ते वर असताना मी खाली दिसलो, तर त्यांचा हात हलेल. गाठीवरचा हात हलून चालत नाही."

भाषण तयार होतं माझं. पण ते कुणाला द्यायचं?

वहिनींनी पुठ्ठा आपल्याकडं ओढला. "एवढंच ना? मग दोर खाली असतील तेव्हा जाऊ. टोळीला सुट्टी असेलच की आठवड्याची."

"पूर्वी रविवार होता. आता काय माहीत."

"विचारा."

"तू विचार मुकादमाच्या बायकोला."

"मी नाही विचारणार. तुमच्या भिंती, तुमची टोळी." आणि त्यांनी मुकादमाचा नंबर लावून फोन नवऱ्याच्या हातात दिला. आवाज बाहेर ऐकू येईल असा ठेवला. तेवढा चोंबडेपणा त्यांनी केला, त्यामुळं मला हे सांगता येतंय.

बराच वेळ वाजत राहिला. मग मागं कसलीतरी घरघर आणि एक जाड आवाज, "हां, कोण?"

झुलेकर आधी काय म्हणाले असतील? "मुकादम, खाली आहेस का वर?"

तिकडची घरघर तशीच चालू होती.

"खाली आहे," मुकादम शेवटी म्हणाला.

"नक्की?"

"जमिनीवर बसलोय. डबा उघडलाय."

"मग बोलतो. मी झुलेकर."

"ओळखलं."

"सुट्टी कधी असते आता?"

"रविवारीच. का?"

"बायकोला फोटो काढायचेत. भिंतींचे. मागच्या. तिला कुणी दाखवायला पाहिजे ना, कुठली कुठली ते. म्हणून मी येतोय बरोबर. रविवारी येतो, म्हणजे तुम्ही कुणी वर नसाल."

वहिनी आरशाजवळचा कंगवा पुसत उभ्या होत्या. तो स्वच्छच होता.

"दादा," मुकादम म्हणाला, "आम्ही वर असताना तुझं नाव घेत नाही. तुला माहिताय."

"माहिताय रे. म्हणून तर."

"खाली आल्यावर घेतो. रोज. जेवताना."

झुलेकरांनी फोन तोंडाजवळ ओढला.

"काय घेता?" त्यांनी विचारलं.

"शिव्याच जास्त. पाइपामागचे कोपरे इतके साफ करून ठेवायची काय गरज होती? आता इंजिनिअर सगळ्यांकडून तसलेच मागतो. पोरं म्हणतात, हा गेला आणि आमच्या मानेवर बसला."

"पाइपामागं छोटा ब्रश घालायचा. काठीला तिरका बांधून."

"ते तू येऊन सांग. रविवारी आम्ही खोलीवरच असतो. उतरवून घ्यायला येतो गाडीपाशी. खुर्ची जड आहे का?"

"खुर्ची नाही. मी आहे."

तिकडून हसण्याचा आवाज आला. एकट्या मुकादमाचा नव्हता तो. पलीकडंही कुणीतरी आवाज बाहेर ठेवला होता.

फोन ठेवल्यावर वहिनी आत गेल्या आणि भांड्यांचा उगाचच आवाज करू लागल्या. मी पुठ्ठा पुसून पुलाचा रस्ता काढला. मग झुलेकरांनी खुर्ची वळवली आणि आत हाक मारली.

"अगं, तुला फोटोला ऊन लागतं ना?"

"लागतंच की. अंधारात काय काढू?"

"मग सगळं उलटं करायला पाहिजे. आम्ही सावली धरून रंगवायचो. उन्हात रंग मारला तर फुगतो. मी सांगितलेला क्रम सावलीचा आहे. त्यानं गेलीस तर तुला एकही भिंत उजेडात सापडायची नाही."

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. डोळे लाल होते, पण आवाज दुकानातला होता. "हे आत्ता सांगताय? ताईंनी सगळा रस्ता लिहून काढला."

"लिहिलेलं खोडता येतं. ताई, तो पुठ्ठा इकडं द्या."

मी पुठ्ठा दिला. वहिनींनी स्टूल ओढून त्यांच्या खुर्चीला लावलं, पेन्सिलीला टोक केलं, आणि सकाळचं ऊन आधी कुठल्या भिंतीला लागतं, तिथून त्यांनी नव्यानं सुरुवात केली.