राजापासून सुरुवात

पिपरी मेघे गावी आमच्या मळ्यात मेथीच्या जुड्या बांधताना एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी हात चालवायचे, अशी रीत होती. शेजारी पोथी वाचत. आमच्याकडे बाबा छापून आणत ती पत्रकं. मी त्यांवरच वाढले. मूलभूत हक्कांचं पत्रक तर मला आरतीसारखं पाठ होतं. म्हणजे पहिल्या ओळीपासून धरलं तरच यायचं.

आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. बाबांनी तेच पत्रक भर बाजारात वाटलं, तर हवालदाराने त्यांना ठाण्यात नेऊन बसवलं. का, ते सांगितलं नाही. आईने भाजीवर ओलं पोतं टाकलं आणि मला घेऊन ठाणं गाठलं.

हवालदार आमचंच गिऱ्हाईक. आईने कारण विचारलं, तर म्हणाला, साहेब आल्यावर बघू. मी तापले. धरलेल्या माणसाला कारण सांगावंच लागतं, हे आपल्या घटनेत आहे. पण पत्रकात ते अगदी शेवटी होतं. म्हणून मी पहिल्या ओळीतल्या इंग्लंडच्या राजापासून सुरुवात केली. सरदारांनी त्याला नदीकाठच्या कुरणात गाठलं आणि कायद्याशिवाय कोणाला कोंडणार नाही, असं कबूल करून घेतलं.

"राजाचं राहू दे," आई कुजबुजली. "आपल्या कलमावर ये."

"मधून येत नाई मले."

हवालदाराने कपाळाला हात लावला. मी अमेरिका ओलांडली, फ्रान्सची क्रांती उरकली आणि आपल्या घटनेपाशी पोचले. तोवर बाकावर बसवून ठेवलेली माणसं सरकत सरकत जवळ आली होती. कलम संपताच त्यांतला एक टांगेवाला उठला.

"मंग मले काऊन बसवलं, साहेब?"

त्याच्यामागे दुसऱ्यानेही तेच विचारलं. हवालदार घाईने बाबांकडे वळला.

"तुम्ही जा बा घरी. अन् या पोरीले पहिले न्या."

बाबा जागचे हलले नाहीत. "कारण सांगा. मंग जातो."

हवालदाराने केविलवाणं होऊन आईकडे पाहिलं. आईने पदर खोचला.

"कारण मी सांगतो तुमाले, घरी गेल्यावर. तिकडं मेथी सुकून राह्यली."

बाबा उठले, पण खिशातलं उरलेलं पत्रक टांगेवाल्याच्या हातात देऊनच. आम्ही पायऱ्या उतरलो, तेव्हा मागून त्याचा अडखळता, खणखणीत आवाज येत होता. तोही राजापासूनच सुरू करत होता.