ती बहिरी नव्हती

आमच्या गॅलरीतून समोरचा बसथांबा दिसतो. त्या थांब्याच्या खांबाला दोन पावसाळे एक पिवळा फलक होता. 'नव्या बसचा आवाज होत नाही. कमी ऐकू येणाऱ्या ज्येष्ठांनी एकट्याने रस्ता ओलांडू नये.' खाली आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं नाव. ते वाक्य मी लिहिलं होतं, माझ्या बायकोला तिथे बसचा धक्का लागला त्यानंतर. तिला ऐकू येत नव्हतं म्हणून तसं झालं, हे चारकोपच्या आमच्या सेक्टरात सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक आहे कारण मीच ते सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं.

तिचे कान कसे होते ते आधी सांगतो. मी गोरेगावच्या एका कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस विभागात होतो. सकाळच्या बसने जायचो. बस बाजारापाशी वळायची आणि ते वळण आमच्या घरातून दिसत नाही. पण ही स्वयंपाकघरात, रस्त्याकडे पाठ करून भाकऱ्या थापत असायची आणि तिथून म्हणायची, "गाडी वळली." मग मी बूट घालायचो. खाली उतरून रस्ता ओलांडला की बस समोर. कधी मी घाईने उठलो तर म्हणायची, "बसा ओ. ती तुमची न्हय, कचऱ्याची गाडी ती. तुमची अजून येवची असा." माहेर मालवणकडचं. इतकी वर्षं मुंबईत राहूनही बोलणं तिकडचंच राहिलं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत माझी बस चुकली नाही. त्याचं श्रेय मी माझ्या शिस्तीला द्यायचो.

त्या डिझेलच्या गाड्या थांब्यावर इंजिन चालू ठेवून उभ्या असायच्या. आमचा पहिला मजला. खिडकीची जाळी, पडदे, लोणच्याच्या बरणीवरचं फडकं, सगळ्यावर काजळी धरायची. हिला दमा. निवृत्त झाल्यावर मी संघाच्या वतीने मागे लागलो. अर्ज केले, सह्या गोळा केल्या, आगारात खेटे घातले. हायब्रीड येणार, विजेवरच्या येणार, असं बरीच वर्षं नुसतं कानावर येत राहिलं. शेवटी आमच्या मार्गावर विजेच्या गाड्या आल्या. पहिल्या गाडीला झेंडूची तोरणं बांधली, नारळ फोडला आणि माझ्या गळ्यात हार घालून गाडीपुढे फोटो काढला. तो फोटो संघाच्या खोलीत अजून आहे.

पहिल्या दिवशी मी हिला त्या गाडीतून फिरवून आणलं. "फ्रिजात बसल्यासारख्या वाटता," म्हणाली. खूश होती. हळूहळू जाळीवर बोट फिरवलं तरी काळं लागेना. रात्रीची तिची धापही कमी झाली. त्या गाड्या चांगल्या आहेत असंच मी तेव्हा म्हणत होतो आणि आजही म्हणतो. ती पण तेच म्हणायची. तिची तक्रार एकच होती.

तिला काचबिंदू झाला होता. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही. डॉक्टरांनी जपून चाला म्हणून सांगितलं होतं. पण ती रस्ता कानांनीच ओलांडत होती. कडेला उभी राहायची, मान थोडी तिरकी करायची आणि मग पाऊल टाकायची. एकदा फुलं घेऊन आली ती घामाघूम होऊन.

"गाडी अंगार इली तरी कळला नाय माका."

"तुला हल्ली कमी ऐकू यायला लागलंय."

"माका ऐकाक येता. गाडीच मुकी असा."

मी हसलो. ती हसली नाही. "तुमची ओळख असा ना आगारात? तेंका सांगा, कायतरी वाजाक होया. घंटी लावा म्हणान सांगा."

थोड्याच दिवसांत आगारातले अधिकारी संघात आले. नव्या गाड्यांबद्दल काही अडचणी असतील तर सांगा, म्हणाले. मी पुढच्या खुर्चीवर होतो, मागे तो फोटो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "एकदम झकास गाड्या आहेत. एक तक्रार नाही." टाळ्या पडल्या. तिचं म्हणणं मी विसरलो नव्हतो. ज्या गाडीसाठी हार घातले तिच्यात माझ्याच घरातून खोट काढायची, हे मला जमलं नाही.

घरी आल्यावर तिने विचारलं, "सांगितलात?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

त्यानंतर ती अधूनमधून विचारायची, "अजून नाय लावल्यानी घंटी?" मी म्हणायचो, सरकारी काम आहे, वेळ लागतो. ती मान डोलवायची. मी सांगितलंय यावर तिचा विश्वास होता.

तिचं विचारणं थांबेना तेव्हा मी तिला बोरिवलीला कान तपासायला नेलं. तपासणाऱ्या मुलीने सांगितलं, वयाच्या मानाने आजींचे कान उत्तम आहेत. मग मला म्हणाली, "काका, तुम्ही पण बसा ना." कारखान्यातल्या प्रेसच्या धडधडीत माझी हयात गेलेली. "मशीन खरं तर तुम्हाला लागेल, काका." ही रिक्षात घरापर्यंत हसत होती. पदर तोंडाला लावायची, थांबायची, परत हसायची. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं, तोही हसला.

त्या हसण्याचा मला राग आला होता. इतकी साधी गोष्ट, पण आहे ती आहे. दोन दिवसांनी मी दुसऱ्या एका दुकानातून तयार मिळणारं यंत्र आणलं आणि तिच्या उजव्या कानात बसवलं. "डॉक्टर काही म्हणोत, तुला लागतं," म्हणालो. चालू केलं की ते शिट्टी मारायचं. कुकर, भांडी, सगळं डोक्यात घुसतं म्हणून ती ते बंद करून ठेवायची. बंद यंत्र म्हणजे कानात घातलेलं बूच, हे मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण मी घरात असलो की ते कानात दिसलं पाहिजे असा माझा आग्रह. भांडण नको म्हणून ती घालायची.

त्या दिवशी ती सकाळी समोर फुलं आणायला गेली होती. थांब्याच्या बाजूला एक फुलवाली बसते. मी दाढी करून गॅलरीत आलो. ती परत यायला रस्त्याच्या कडेला उभी होती. तिने वर पाहिलं, समोरचं तिला नीट दिसायचं. मला पाहिल्यावर तिने पदराची गाठ सोडली, त्यातून काहीतरी काढलं आणि हात कानापाशी नेला. मला वाटलं, सुटे पैसे काढले आणि मग पदर डोक्यावरून घेतला. मग तिने मान तिरकी केली आणि पाऊल टाकलं. उजवीकडून बस थांब्याला लागत होती. अगदी हळू. मला वरून दिसत होती, आणि मी ओरडलो तोवर बसचा कोपरा तिला लागला होता.

खुब्याचं हाड मोडलं. ड्रायव्हर आमच्या नातवाच्या वयाचा असेल. तोच तिला उचलून रिक्षातून घेऊन गेला. दवाखान्यात तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहून रडत होता. आगारातून साहेब आले होते. "नेमकं कसं झालं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "तिला ऐकू येत नाही. कानात मशीन आहे, बघा."

ती जागी होती. माझ्याकडे पाहत होती. मग तिने मान भिंतीकडे वळवली. तिचे कान चांगले आहेत हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

पुढे मी स्वतःला समजावलं की त्या पोराची नोकरी वाचावी म्हणून बोललो. ते खरं नाही. पोराचा विचार नंतर आला. आधी डोळ्यासमोर आला तो हार घातलेला फोटो.

ती परत चालली नाही. बाहेरच्या खोलीत खाट टाकली. मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, त्यामुळे येणारा जाणारा तिच्या कानापाशी वाकून ओरडायचा, नाहीतर तिच्याशी बोलायचाच नाही. तिच्यादेखत तिच्याबद्दल बोलायचे. हिचं आता काही खरं नाही, पाठीला जखमा होतील, असल्या गोष्टी. ती ऐकत असायची. फलक लागला त्या दिवशी संघाचे अध्यक्ष पेढे घेऊन आले आणि तिच्या कानात ओरडले, "वहिनी! तुमच्यासाठी बोर्ड लावला हां! यांनीच लिहिलाय!"

"बरा केलात," ती म्हणाली.

आमचा मुलगा मुलुंडला राहतो, रविवारी यायचा. एका रविवारी तो खाटेशेजारी बसला होता आणि मी कंटाळून बोलत होतो. अंघोळ, औषधं, रात्रीचं उठणं.

"बाबा, हळू बोला," तो म्हणाला.

"तिला कुठे ऐकू येतंय रे! थकलोय मी. सुटली तर तिचंही बरं, माझंही बरं."

मी हे बोललो. तीन हातांवर ती डोळे मिटून पडलेली.

तो गेल्यावर मी चहा केला. तिला बशीतून पाजत होतो. दोन घोट घेऊन तिने माझा हात बाजूला केला आणि साध्या आवाजात म्हणाली, "माका ऐकाक येता हां."

एवढंच. मी बशी घेऊन आत गेलो. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही मी तिच्याशी त्यावर बोललो नाही. ती गेली तोपर्यंत आम्ही औषधं आणि जेवण याशिवाय काही बोललो नाही.

ती गेल्यावर तिच्या फोटोला हार घ्यायला मी फुलवालीकडे जायला लागलो. एकदा हार बांधता बांधता फुलवाली म्हणाली, "काका, राग नका मानू. आजींना तर सगळं ऐकू यायचं. मग ते मशीन कशाला?"

"तुला काय माहीत?"

"अहो, रोज गेटाबाहेर आल्या की त्या ते कानातून काढायच्या, पदरात बांधायच्या, मग रोड क्रॉस करायच्या. परत जाताना गेटात शिरल्या की घालायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, 'रस्त्यार कान उघडे होये.' त्या दिवशी तुम्ही वर दिसलात ना, म्हणून इथेच घातलं. मी म्हटलं, राहू दे आजी. तर म्हणाल्या, 'बघतत ते.'"

मी हार घेतला आणि घरी आलो.

तेव्हापासून सकाळी स्वयंपाकघरातून "गाडी वळली" असं ऐकू येतं. रोज नाही. माझे कान किती कामाचे आहेत ते तपासून झालंय, त्यामुळे भास म्हणून मी सोडून देतो. तरी उठून गॅलरीत जातो. कधी रस्ता रिकामा असतो. कधी खरंच बस बाजूला लागत असते, काही न वाजवता, आणि कडेला कुणीतरी म्हातारं माणूस उभं असतं. तेव्हा मी आत येत नाही. ते माणूस पलीकडे पोचेपर्यंत कठडा धरून उभा राहतो.

गेल्या महिन्यात संघात परत बैठक झाली. आमच्या भागातल्या बाकीच्या मार्गांवरही विजेच्या गाड्या येणार आहेत. आगाराच्या साहेबांनी तोच प्रश्न विचारला, काही अडचणी? मी उभा राहिलो.

"माझी बायको बहिरी नव्हती. गाड्यांचा आवाज येत नाही हे तिने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. थांब्यावर येताना काहीतरी वाजलं पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं. तुम्हाला सांगा म्हणाली होती. मी सांगितलं नाही. तिला मात्र सांगितलं म्हणालो. बोर्डावर मी लिहिलंय ते खोटं आहे, तो काढा."

अध्यक्ष माझ्या बाहीला ओढत म्हणाले, "अहो, आता कशाला? बसा ना. पाणी द्या रे यांना."

साहेब वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "आवाजाचं वर कळवतो. पण काका, तेव्हाच सांगायचं होतं ना."

टाळ्या नाहीत, काही नाहीत. लोक चहा प्यायला उठले.

संध्याकाळी मुलाला फोन केला. त्याला कळायलाच हवं होतं. सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "म्हणजे त्या रविवारी... आईने ऐकलं?"

"हो."

"नक्की?"

"तिने मला तसं सांगितलं."

त्याने फोन ठेवला. पुढचे तीन रविवार तो आला नाही.

परवा आला. हातात पिशवी, पिशवीत पाना आणि स्क्रू ड्रायव्हर. वर आला नाही, खालूनच हाक मारली. फलक अजून कुणी काढला नव्हता. फुलवालीने बसायचं स्टूल दिलं. त्यावर चढून तो स्क्रू फिरवू लागला, मी खाली हात वर करून फलक धरला. स्क्रू गंजले होते, वेळ लागत होता. शेवटचा स्क्रू निघाला, फलकाचं वजन माझ्या हातांत आलं आणि मी तो घेऊन एक पाऊल मागे सरलो, रस्त्यात.

मुलाने स्टुलावरून वाकून माझी कॉलर पकडली आणि जोरात ओढलं. माझ्या पाठीमागून बस येऊन थांब्याला लागली. दार उघडलं, माणसं उतरली, दार मिटलं, बस गेली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

त्याने कॉलर लगेच सोडली नाही.