खालच्या खोलीचा ताबा

नळकाम करणाऱ्या आबांचा राग नाकावर. पाइप अडला तर पाइपला शिवी, माणूस अडला तर माणसाला. स्वतः वरच्या मजल्यावर राहायचे, खालची खोली भाड्याने दिलेली. बायकोचे पाय गेले आणि ती खोली तिच्यासाठी हवी झाली. तोवर आबाच तिला पाठुंगळी घेऊन जिना उतरवत. "हळू हो, गोणी नाही मी," ती ओरडायची.

भाडेकरू काही हलेना. आबांनी त्याचं पाणी तोडलं, त्याने आबांचं थोबाड फोडलं. प्रकरण कोर्टात गेलं, तर न्यायाधीशांनी आबांनाच झापून पाणी पुन्हा जोडायला लावलं. आबांनी दातओठ खात स्वतःच्या हाताने नळ जोडला. पुढे मात्र वकीलबाई सांगतील तसं सगळं रीतसर: नोटीस, दावा, तारखांवर तारखा, वरचं कोर्ट. शेवटी खोली रिकामी करून द्यायचा हुकूम निघाला.

"उद्या कोर्टाचा बेलीफ येईल. कुलूप तो फोडेल, सामान तो काढेल," वकीलबाईंनी बजावलं. "तुम्ही हाताची घडी घालून उभं राहायचं."

"एवढं कळतं मला."

"कळतं हो, पण तुमचे हात ऐकत नाहीत."

त्याच दुपारी खालून धाडधाड आवाज आला. भाडेकरू घणाने मोरी फोडत होता. आबा पाना घेऊन धावले. फुटलेल्या पाइपातून पाणी उसळत होतं, बेसिनचा चुरा झाला होता.

"घे तुझी खोली! लोळव तुझ्या लंगडीला यात!" भाडेकरू हसत म्हणाला.

आबांचा पाना आधी त्याच्या गुडघ्यावर बसला, मग खांद्यावर, मग डोक्यात. पडता पडता त्याने आबांच्या बरगडीत घण हाणला, तरी आबा थांबले नाहीत. पाणी लाल झालं. वरून बायको जिवाच्या आकांताने ओरडत होती, "अहो, उद्या येणारेत ना ते! सोडा त्याला!" शेजाऱ्यांनी ओढून काढलं, तेव्हा कुठे पाना सुटला.

भाडेकरू वाचला, पण आबांच्या हातात बेड्या पडल्या. काय म्हणावं या माणसाला! इतकी वर्षं कळ काढली, आणि एक रात्र निघाली नाही.

सकाळी बेलीफ ठरल्याप्रमाणे आला. अडवायला कोणीच नव्हतं. त्याने नवं कुलूप लावलं आणि वर जाऊन किल्ली बायकोच्या हातात दिली. घर दोघांच्या नावावर होतं.

"सही करा, काकू. खोली तुमची झाली."

तिने सही केली, किल्ली मुठीत आवळली आणि जिन्याकडे पाहिलं.

"मिळाली हो," ती म्हणाली. "पण आता मला खाली कोण नेणार?"