व्हँकूवर लपवणारी डोरीन

डोरीन पावलुकने बावीस वर्षं इमानेइतबारे एकच काम केलं. अमेरिकन मालिकांच्या शूटिंगसाठी कॅनडातलं व्हँकूवर लपवायचं. पाट्या बदलायच्या, पिवळ्या टॅक्स्या उभ्या करायच्या, मागचे डोंगर डोकावले की आडवा ट्रक लावायचा. झालं न्यूयॉर्क तयार!

यंदा मात्र भुतांचा छडा लावणाऱ्या गुप्तहेराच्या कादंबऱ्यांवर मालिका निघाली. लेखक गॉर्डी तिचा शेजारी, आणि कथाही व्हँकूवरमधल्या त्यांच्याच गल्लीतली. शूटिंगच्या पहिल्याच दिवशी तो येऊन बघतच राहिला.

"डोरीन, अगं, आपली गल्ली कुठे गेली?"

डोरीनने जीभ चावली. सवयीने तिने स्वतःच्याच दारापुढे न्यूयॉर्क उभं केलं होतं! तिने निमूटपणे सगळं हटवलं. डोंगर मोकळे झाले.

तेवढ्यात लॉस एंजेलिसहून निर्मातेसाहेब अवतरले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून त्यांनी नाक मुरडलं.

"बाई, हे काही व्हँकूवर वाटत नाही हो."

"साहेब, मी इथेच जन्मले."

"असाल! पण लोकांनी टीव्हीवर असलं शहर कधी पाहिलंय का? त्यांना पटायला नको?"

डोरीनने ट्रक आडवा लावला, पिवळ्या टॅक्स्या परत मागवल्या.

साहेब खूश झाले. "आत्ता कसं! अस्सल व्हँकूवर!"