पोपटीचा पाला मी आणला

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यामुळे लिहिण्यात काही चुकलं तर चुकलं. जे झालं ते सरळ सांगतो.

करोना आमच्या घरात आधी मला झाला. थोडा ताप, थोडा खोकला. हिनं दुपारी सुक्या जवळ्याची चटणी केली आणि गरम भाकरी वाढली. मी घास घेतला आणि ओरडलो, "यात काय घातलंस? भुसा खातोय की काय मी?" हिनं तव्यातली चिमूटभर तोंडात टाकून बघितली.

"चटणी बरोबर हाय. तुमची जीभच गेली."

मग लसणीची पाकळी ठेचून माझ्या नाकाखाली धरली. काही नाही. भिंत हुंगल्यासारखं. ही हसायला लागली. म्हणाली, "बरं झालं. लग्न झाल्यापासून मीठ कमी, मीठ जास्त चाललंय. आता तरी गप जेवाल."

तिचं ते हसणं नीट आठवतं, कारण नंतर थोड्याच दिवसांत तिलाच धाप लागली. अलिबागला नेली आणि तिथून ती आलीच नाही. शेवटचं तोंडही धड बघायला मिळालं नाही. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. लिहून काय होणार?

मी मात्र बरा झालो. मीठ-तिखट हळूहळू जिभेला कळायला लागलं, पण वास काही आला नाही. ओहोटीला आमच्या खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा बाहेरगावचा माणूस नाक धरून पळतो. मला तो वाससुद्धा येईना.

मुलगा पनवेलला, ट्रान्सपोर्टच्या धंद्यात. फोनवर रोजचा एकच प्रश्न, "बाबा, वास आला का?" त्याचं म्हणणं, वास येत नसेल तर मी एकट्यानं राहायचं नाही. गॅस चालू राहिला तर कळणार कसं? सरळ पनवेलला यायचं. तो तसा चुकीचं बोलत नव्हता. पण पनवेलला त्याच्या बाल्कनीत उभं राहिलं की समोरच्या बाल्कनीत दुसरा म्हातारा उभा असतो. त्यानं माझ्याकडे बघायचं, मी त्याच्याकडे. संध्याकाळपर्यंत दुसरं काम नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्या घरात मला ही गेल्यासारखी वाटायची नाही, बाजाराला गेल्यासारखी वाटायची. पनवेलला गेलो असतो तर ती खरंच गेली असती.

म्हणून गणपतीत मुलाला सांगून टाकलं, "आला वास." तो खूश, मी खूश.

लपवायला फार त्रास झाला नाही. सूनबाई आली की तिच्या कालवणाला नावं ठेवायची. "खोबरं जास्त भाजलंस," म्हणायचं. वास येत नसलेला माणूस नावं कशी ठेवेल? जन्मभराची खोड कामाला आली.

फक्त शेजारची वहिनी फसत नव्हती. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ केव्हाच गेला. वहिनीचं वय माझ्यापेक्षा जास्त, आणि दातही माझ्यापेक्षा जास्त. एकदा दारात येऊन उभी राहिली, नाकाला पदर.

"भावजी, घरात काय मेलंय?"

"काय न्हाय. कोलंबी सुकवतोय."

"टोपात झाकण घालून सुकवतात व्हय?"

मी म्हटलं, ही नवी पद्धत आहे. तिनं टोप उचलला आणि परसात लांब नेऊन ओतला. मांजरंसुद्धा जवळ गेली नाहीत.

मग थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या, आणि मुलगा म्हणाला, "बाबा, या वर्षी पोपटी करायचीच. आई असती तर केलीच असती." पोपटी आमच्याकडची मोठी मजा. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, वर मीठ आणि ओवा. पाणी नाही, तेल नाही. बुडाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला ठासून भरायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि वरून पेंढा, झावळ्या पेटवायच्या. सगळी चव त्या पाल्याची. आणि पोपटी शिजली हे कळतं वासावर. नवी पोरं मडक्यावर पाणी शिंपडून बघतात. मी कधी शिंपडलं नाही. पेठेतला सोनार सोनं बघतो तसं मी नुसतं नाक वर करायचं आणि म्हणायचं, "काढा." अख्खी आळी माझ्या नाकाकडे बघत बसायची.

भांबुर्डा मात्र मी कधी आणला नव्हता. ते काम हिचं. भात कापलेल्या शेतात जायची, पान चुरगळायची, हुंगायची, मगच खुडायची. मी म्हणायचो, "झाडपाल्याची एवढी काय परीक्षा?" ती पुढचं पान चुरगळायची.

त्या दिवशी मुलगा कोंबडी आणायला गेला, सूनबाई शेंगा धूत बसली, वहिनी बाजारात. पाला आणायला उरलो मी. शेतात गेलो. बांधावर भांबुर्डा गुडघाभर माजलेला. लव असलेली पानं, कातरलेली कड, सगळं बरोबर. मोठा भारा खुडला, डोक्यावर घेऊन ऐटीत आलो. त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं एक झुडूप बांधावर उगवतं. त्याला आम्ही नाव दिलेलं नाही, घाण म्हणतो. ते वेगळं ओळखायचं तर नाकाला लावावं लागतं. मी नाकाला लावून काय करणार होतो?

मडकं मी एकट्यानं भरलं. भरताना जवळ कुणी यायचं नाही, हा माझा जुना कायदा. त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. ऊन उतरल्यावर जाळ केला. आळीतली माणसं येऊन बसली. पेंढा पेटला, झावळ्या तडतडल्या, धूर फिरला. मी बघितलं तर सूनबाईनं नाकाला ओढणी लावलेली. शेजारचा एक जण उठून लांब जाऊन उभा राहिला. मला वाटलं, धूर झाला असेल. पोपटी शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा झाला, तसा मी उभा राहिलो, नाक वर केलं, डोळे मिटले आणि जोरात श्वास घेतला.

"अहाहा! काय घमघमाट सुटलाय. काढा!"

कुणी हललं नाही. तेवढ्यात वहिनी बाजाराची पिशवी घेऊन रस्त्यानं येताना ओरडली, "भावजी, बोकड जाळलात काय?"

मग हसू फुटलं. माणसं वाकून वाकून हसत होती. मुलगा हसला नाही. त्यानं मडकं काढलं, फोडलं, एक शेंग उचलली, नाकाजवळ नेली आणि टाकून दिली. अंडी टरफलात होती म्हणून वाचली.

"बाबा, तुला वास येत न्हाय."

"येतो की."

"मग हे खा."

मी शेंग सोलून खाल्ली. दुसरीही खाल्ली. हट्टानं तिसरी खाणार होतो, तर सूनबाईनं हात धरला. "बाबा, पुरे. पोट बिघडेल."

मुलगा म्हणाला, "उद्या सामान बांध. घर बंद करू."

आळीतली माणसं एकेक करून उठली. मी विझलेल्या राखेकडे बघत बसलो. एरवी मी दहा उत्तरं दिली असती. त्या वेळी एवढंच म्हणालो, "मला या घरातून काढू नको रे."

 त्याचेही डोळे भरले होते. पण त्याची आई गेली होती, आता बाप गॅसनं जाऊ द्यायचा नव्हता.

वहिनीनं पिशवी खाली ठेवली. मुलाला म्हणाली, "पोरा, गॅसची टाकी माझ्याकडे आणून ठेव. यांना चूल दे. चूल भडकली तर नाक लागत न्हाय, डोळं पुरतात."

"आणि काकी, कुजलेलं खाल्लं तर?"

"मी सकाळ-संध्याकाळ येऊन हुंगून जाईन. दूध हुंगेन, मासळी हुंगेन. आन तुझा बाप आंघोळ करतो का न्हाय, तेपण हुंगेन."

सूनबाई पहिली हसली. मग मुलगा. मी म्हटलं, "मला असं ढोरासारखं हुंगून घ्यायचं न्हाय." वहिनी म्हणाली, "मग जा पनवेलला." 

दुसऱ्या दिवशी मुलानं स्वतः टाकी सोडवली आणि वहिनीच्या पडवीत नेऊन ठेवली. जाताना म्हणाला, "पावसाळ्यापर्यंत बघू." सूनबाईनं डब्यातल्या सगळ्या पिठांना नाक लावून अर्धी फेकून दिली.

ते गेले त्याच्या दुसऱ्या सकाळी वहिनी आली. काम मनावर घेतलेलं. दूध हुंगलं, ठीक म्हणाली. कालचं कालवण हुंगलं, कोंबड्यांना घातलं. माझा सदरा हुंगला आणि सरळ बादलीत टाकला. मग आतल्या खोलीत गेली. तिथं हिची गोधडी, हिच्याच जुन्या लुगड्यांची शिवलेली. ती मी अजून पांघरतो.

"ही कधी धुतली होती? लयच वास मारतेय."

"कसला?"

वहिनीनं गोधडी तोंडाजवळ नेली. परत हुंगली.

"कसला वास, सांग की."

"तिच्या तेलाचा," ती म्हणाली. "माक्याचं काढायची ना घरी, त्याचा. आन तिचाच."

मी खाटेवर बसलो. एवढे महिने रोज पांघरत होतो.

वहिनीनं गोधडी घडी घालून माझ्या उशाशी ठेवली. "राहू दे. ही धुवू नका," म्हणाली. मग दारातून मागं वळून, "पण तुम्ही आंघोळ करून मगच पांघरा. न्हायतर तिचा वास तुमच्या वासाखाली मरंल."

मी लगेच चुलीवर पाणी ठेवलं.