मिनिटभराचं बटण

मी बोलत बसलो आणि बटण दाबायचं राहिलं. त्यामुळे कोळशानं भरलेली अख्खी मालगाडी, घाटनांदूर सोडल्यावर परळीच्या अलीकडे, एका फाटकात रस्ता अडवून उभी राहिली. भर दुपारी. यात इंजिनाचा दोष नव्हता, रुळाचा नव्हता आणि सिग्नलचा तर अजिबातच नव्हता. तो समोर हिरवागार होता.

बटणाची ओळख करून देतो, म्हणजे पुढं मला शिव्या घालताना तुमची सोय होईल. इंजिनात ड्रायव्हरच्या टेबलावर एक बटण असतं. ड्रायव्हरनं मिनिटभर कशालाच हात लावला नाही, ना भोंग्याला, ना ब्रेकला, ना वेग वाढवायच्या दांड्याला, तर एक दिवा लुकलुकायला लागतो. मग बझर वाजतो. तरीही बटण दाबलं नाही तर यंत्र समजून चालतं की हा गडी झोपला, चक्कर येऊन पडला किंवा मेला. मग ते कुणाला न विचारता ब्रेक लावतं आणि गाडी उभी करतं.

शहाण्या माणसानं काढलेली युक्ती आहे, नाही म्हणत नाही. पण माझं आणि तिचं पहिल्यापासून वाकडं. शाळेतला मास्तर दिवसातून एकदा हजेरी घ्यायचा, तीही मला जड जायची. हे यंत्र दर मिनिटाला विचारणार, जिता हायस का? आणि आपण दर मिनिटाला सांगायचं, हाय. एवढी चौकशी माझ्या बापानं जन्मात केली नाही. आता म्हणे याच्यापुढचं यंत्र येणार आहे. ड्रायव्हर लाल सिग्नल ओलांडायला निघाला तर ते त्याच्या आधी ब्रेक लावणार. येऊ द्या. म्हणजे एका सासूच्या जागी दोन होतील.

माझं दुखणं झोपेचं नाही. मी ड्यूटीवर कधी डुलकी घेतलेली नाही. माझं दुखणं तोंडाचं आहे. मला गोष्टी सांगायला लागतात आणि ऐकायला माणूस लागतं, आणि मालगाडीच्या इंजिनात माणूस एकच असतं, शेजारच्या खुर्चीतला असिस्टंट.

त्या दिवशी शेजारी बसलेला गडी माझ्या बायकोच्या गावचा होता, दिंद्रुडचा. नातं लांबचं, पण आमच्याकडं बायकोच्या गावचं कुत्रंसुद्धा आपल्याला 'दाजी' म्हणूनच भुंकतं. हाही म्हणायचा. लॉबीत, म्हणजे ड्यूटीची हजेरी लावतो तिथं, भेटला की "दाजी, चहा घेतला का", इंजिनात बसला की "दाजी, त्या म्हशीची गोष्ट सांगा की". असा गुणी श्रोता मला पुन्हा मिळाला नाही, आणि तो मी माझ्याच हातानं, म्हणजे तोंडानं, घालवला.

झालं असं. आमच्या कामात एक पद्धत आहे. सिग्नल दिसला की ड्रायव्हर आणि असिस्टंट दोघांनी हात वर करायचा आणि त्याचा रंग एकमेकांना मोठ्यानं सांगायचा. एकाच्या डोळ्यानं चूक केली तर दुसऱ्याच्या कानाला ती कळावी, एवढाच हेतू. हा गडी नवा होता तेव्हा एकदा वळणावर बाभळीच्या कुंपणावर कुणीतरी हिरवं लुगडं वाळत घातलेलं त्याला दिसलं. त्याचा हात अर्धा वर गेला, त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं तो गपचूप खाली घेतला. बस, इतकंच.

मागच्या उन्हाळ्यात दिंद्रुडला एका लग्नाच्या पंगतीत मी हीच गोष्ट सांगितली. फक्त माझ्या गोष्टीत हात पूर्ण वर गेला. माझ्या गोष्टीत हा "सिग्नल हिरवा!" असं ओरडला. लुगडं वाऱ्यानं उडालं तेव्हा "सिग्नल पडला!" असंही ओरडला. पंगतीत माणसांच्या नाकातून वरण आलं. समोरच्या रांगेत पाटोद्याकडचा एक पाव्हणा बसला होता, तो तेवढा हसला नाही. तो आपल्या पोरीसाठी याच गड्याला बघायला आलता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हात धुताना तो माझ्या सासऱ्याला म्हणाला, "ज्याला लुगडं आन् सिग्नल कळंना त्याच्या गळ्यात पोरगी कशी बांधावी?" आणि निघून गेला.

तेव्हापासून असिस्टंटनं माझ्याशी बोलणं टाकलं. पण इंजिनात पूर्ण अबोला धरता येत नाही, नियमच तसा आहे. म्हणून तो नियमापुरतं बोलायचा. सिग्नल दिसला की सरळ ताठ हात वर करायचा आणि म्हणायचा, "सिग्नल हिरवा, पायलट." यातला 'पायलट', म्हणजे रेल्वेच्या कागदावरचा ड्रायव्हर, असा काही टाकायचा की अंगावर खरकटं पाणी फेकल्यासारखं वाटावं. मला "हिरवा" म्हणावंच लागायचं. मग पुढचा सिग्नल येईस्तोवर इंजिनाचा घों घों आवाज आणि बटणाचा दिवा. माझ्यासारख्याला त्यापेक्षा जेल बरी.

आता माझं काय पणाला लागलं होतं ते सांगतो. मला कोळशावरनं पॅसेंजरवर घ्यायचं चाललं होतं. इन्स्पेक्टरनं, म्हणजे आमच्या कामावर नजर ठेवणाऱ्या साहेबानं, ट्रेनिंगसाठी माझं नाव पुढं पाठवायचं कबूल केलं होतं. अट एकच, तोवर माझ्या हातून काही विपरीत होता कामा नये. मला माणसांची गाडी पाहिजे होती. इतकी वर्षं परळीच्या थर्मलचा, म्हणजे वीजकेंद्राचा, कोळसा ओढला. कोळसा उतरताना मागं वळून बघत नाही, हात हलवत नाही. सासरवाडीचं लोक परळीच्या प्लॅटफॉर्मवर उभं आहे, गाडी येते, खिडकीत मी, आणि सासरा शेजारच्याला सांगतो, "आमचा जावई हाय." एवढं एक चित्र होतं डोक्यात. लई जुनं.

तर त्या दुपारी घाटनांदूर मागं पडलं आणि माझा बांध फुटला.

"किती दिवस तोंड सुजवून बसणार हायस?" मी म्हणालो.

तो समोर बघत राहिला.

"सोयरीक काय, एक गेली तर दुसरी येती. गोष्ट काय रोज होत नसती." मला वाटलं हे फार समंजस झालं. त्यानं मान वळवली नाही. मग मी उठलो. त्याची नक्कल करायची लहर आली. टेबलाकडं पाठ केली, हात ताठ वर केला आणि त्याच्याच सुरात "सिग्नल हिरवा, पायलट" म्हणून दाखवलं. मग तोच कसा बसतो, कसा घोट गिळतो, कसं नाक फेंदारतो. माझ्या मते नक्कल झकास चालली होती.

तेवढ्यात त्यानं हात वर केला. नियमाप्रमाणं, ताठ. "पायलट, बटण."

मला वाटलं, हा माझा रंगाचा बेरंग करतोय. "मधी तोंड घालू नको," मी म्हणालो. "आदी ऐकून घे."

त्यानं ऐकून घेतलं. हात मांडीवर ठेवले आणि माझ्या खांद्यावरनं टेबलाकडं बघत बसला. बझरही वाजत असणार. मी माझ्याच आवाजात होतो. मग पायाखालून फस्स करून हवा सुटली, मी टेबलावर आदळलो आणि पन्नासावर डब्यांचं ते धूड खडखडत, कुरकुरत थांबलं.

अशी गाडी थांबली की लगेच सुटत नाही. ब्रेकची हवा शेवटच्या डब्यापर्यंत पुन्हा भरावी लागते, तोवर बसून राहायचं. आणि मी बसलो होतो ते बरोबर फाटकाच्या पुढं, मागं सगळे डबे रस्त्यावर आडवे.

वॉकीटॉकीवर शेवटच्या डब्यातल्या गार्डचा आवाज आला. "पायलट, काय झालं?"

इथं मी दुसरा गाढवपणा केला, आणि हा तोंडाचा नव्हता, डोक्याचा होता. म्हणालो, "बटण बिघडलं. दाबलं तरी लागंना."

बाहेर माणसं जमली होती. धर्मापुरीकडं निघालेला एक उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या जोडलेला, फाटकाला नाक लावून उभा होता. त्याचा ड्रायव्हर इंजिनापर्यंत चालत आला आणि वर बघून म्हणाला, "काय बे, पंक्चर झाली का?"

"हवा भरायलाव," मी म्हणालो. ते खरंच होतं, पण त्याला ती टिंगल वाटली.

"खाली ये, तुझ्यातबी भरतो."

त्याच्या मागं एका पांढऱ्या जीपमधनं कडक इस्त्रीचा पुढारी उतरला. "मी कोण हाय ठावं हाय का?"

"आमच्या यंत्राला मी कोण हाय तेच ठावं न्हाई," मी म्हणालो. "तुमचं काय घिऊन बसलाव."

यावर कुणी हसलं नाही. उसाचं एक टिपरं सणकन आलं आणि खिडकीच्या जाळीवर आपटलं. मी काच ओढून घेतली. असिस्टंट जागचा हलला नव्हता.

"हे बघ," मी आवाज खाली घेऊन म्हणालो, "उद्या साहेब इचारंल. तू एवढंच म्हण, दाजीनं बटण दाबलतं, पर लागलं न्हाई."

"कोण दाजी?"

"मी."

"हितं पायलट हायत. दाजी कुणी दिसंना."

"माझ्या पॅसेंजरचं वाटोळं होईल की."

"माझ्या सोयरिकीचं झालं तवा तुमी दुसऱ्यांदा भात घेतलता."

घेतला होता. ते त्यानं बघितलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

"मी पाटोद्याला जातो," मी म्हणालो. "त्या पाव्हण्याच्या पाया पडतो. सांगतो, सगळं खोटं होतं, पोरगं चांगलं हाय."

"आता कावून? तिचं लगीन झालं."

बाहेर ट्रॅक्टरवाला भोंग्यावर हात दाबून धरून बसला होता. काटा बघितला, हवा भरत आली होती. माझ्याजवळ देण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, तरी विचारलं, "मग तुला पायजे तरी काय?"

"काय न्हाई. बटण दाबत जावा."

बटण दाबलं. ते लागलं. ते नेहमीच लागत होतं. गाडी हलली तशी मागनं अजून दोन टिपरी आली, पुढाऱ्यानं फोनवर कुणालातरी माझ्या आईबद्दल सांगितलं, आणि शेजारी हात ताठ वर झाला. "सिग्नल हिरवा, पायलट."

"हिरवा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरनं दोघांना बोलावलं. माझ्याहून थोरला, तोंडाचा फटकळ, मराठवाड्याच्याच मातीतला माणूस. माझ्या सांगण्यावरून इंजिन बाजूला काढून ते यंत्र तपासलं होतं. यंत्र ठणठणीत होतं. त्यानं आधी असिस्टंटला विचारलं, काय झालं?

"दिवा लागला. बझर वाजला. मी पायलटला 'बटण' म्हणालो. पायलट 'मधी तोंड घालू नको' म्हणाले." एक शब्द जास्त नाही. त्याच्या गोष्टीत हात जेवढा वर गेला होता तेवढाच गेला.

साहेब माझ्याकडं वळला. खोटं टिकणार नव्हतं हे दिसलंच. मग मी ठरवलं, खरं सांगायचं, पण असं सांगायचं की साहेबाला राग धरताच येऊ नये. आयुष्यात एवढी एकच कला मला येते. मी उभा राहिलो. पाठमोरी नक्कल करून दाखवली, टेबलावर कसा आपटलो ते दाखवलं, "पंक्चर झाली का" दाखवलं, पुढाऱ्याची इस्त्री दाखवली, टिपरं जाळीवर आपटल्यावर मी खुर्चीत कसा बारका झालो ते दाखवलं. स्वतःला राखलं नाही. आधी साहेबाचं पोट हललं, मग खांदे, मग तो चष्मा काढून डोळे पुसायला लागला. त्यानं चहा मागवला. माझ्यासाठीही.

मला वाटलं, सुटलो. प्लॅटफॉर्मवर सासरा दिसायला लागला. मी असिस्टंटकडं एक नजर टाकली, जिंकलेल्याची. तो भिंतीकडं बघत होता.

"गार्डाला खोटं कावून सांगितलंस?" साहेबानं चष्मा लावत विचारलं. अजून हसतच होता.

"भ्यालो, साहेब."

"एक चांगलं यंत्र बिघडलं म्हणून सांगितलंस. उद्या दुसऱ्या कुण्या ड्रायव्हरला खरंच चक्कर आली, आन् लोक म्हणले, त्या यंत्राचं काय खरं न्हाई, ते मधी बिघडलतं, मग?"

मी उभा होतो, तो खुर्चीत बसलो.

"आन् बझर? तो तरी ऐकू आलता का न्हाई?"

"वाजला असंल, साहेब. मी तवा रंगात आलतो."

त्याचं हसू कुठं गेलं ते मला दिसलं नाही. चहा आला होता, त्यानं स्वतःचा उचलला.

"पॅसेंजरला मागं हजार माणूस बसतं," तो म्हणाला.

"हो, साहेब. म्हणून तर."

"न्हाई बे," तो म्हणाला. "तू कोळसाच वढ. तो तसाबी जळायलाच जायलाय."