चिकटवायचं खोकं

दोन गोष्टी वेळेआधी एकत्र येऊ नयेत म्हणून जन्मभर पहारा देणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. मूळचे चऱ्होलीचे शेतकरी. पण भोसरीत पत्र्याच्या शेडी उभ्या राहू लागल्या तेव्हा तिथल्या एका सुऱ्यांच्या कारखान्यात लागले आणि थेट चिकटा-खात्याचे सर्वाधिकारी झाले. खात्यात ते एकटेच होते, हा भाग वेगळा. पिंपरीच्या कंपनीत मला नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्याकडेच राहायला होतो. त्यामुळे हे सगळं मी जवळून पाहिलं आहे आणि थोडंफार सोसलंही आहे.

सुरीचं पातं मुठीत बसवायला लागणारा तो चिकटा दोन डब्यांत येई, एकात रेझिन आणि दुसऱ्यात हार्डनर. वेगळे असेपर्यंत दोघेही काकवीसारखे निवांत. एकत्र कालवले की थोड्या वेळात ते आवळत, म्हणजे त्यांचा दगड होई. मोठ्या डब्यांतला माल लहान बाटल्यांत भरायचा, लागेल तसा वाटीत काढून कालवायचा आणि मुठी बसवणाऱ्या बायकांपुढे ठेवायचा, एवढंच आतोबांचं काम. पण ते बाटली भरत तेव्हा बघत राहावं. डबा कलता करून श्वास रोखत, धार सुतासारखी उतरे, आणि बाटली गळ्याशी आली की मनगटाच्या एका झटक्यात ती तुटे. रेझिनचं नरसाळं वेगळं, हार्डनरचं वेगळं, फडकी वेगळी. कोणत्या बाईचा हात किती चालतो हे बघून ते तेवढंच कालवत. त्यांच्या हातून वाटीत माल घट्ट होऊन फुकट गेला, असं कधी झालं नव्हतं, आणि याचा त्यांना पैलवानाला असावा तसा ताठा होता.

हा धंदा ते घरीही घेऊन येत. भातावर सगळं वरण त्यांनी कधी वाढून घेतलं नाही. एका घासापुरतं कालवायचं, तो संपला की पुढचा. "एकदा कालवलं की मागं फिरता येत न्हाई, भाचेराव," असं मला ताट दाखवून सांगत. सांगवीच्या एका लग्नात मुहूर्ताआधीच दोन्हीकडचे व्याही एकमेकांच्या गळ्यात पडले, तर हे मांडवभर बेचैन. "आत्ताच आवळलं तर पुढं काय करायचं?" म्हणाले.

एका खंडेनवमीला मात्र घात झाला. पूजेसाठी कारखान्यातली सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडली होती. मालकांच्या आईंनी भक्तिभावाने डब्यांची झाकणंही एकाच घमेल्यात धुतली आणि पुन्हा लावताना अदलाबदल केली. दसऱ्याची सुट्टी संपवून आतोबा कामावर गेले तो दोन्ही झाकणं डब्यांच्या गळ्याशी बेमालूम चिकटलेली. छिन्नीने पत्रा फोडावा लागला. आतोबांनी घरी येऊन अंघोळ केली, सुतकासारखी. पुढच्या वर्षापासून शेडच्या दोन टोकांना दोन डब्यांची दोन ताटांत वेगळी पूजा होऊ लागली, आणि रेझिनच्या ताटातला झेंडू हार्डनरच्या ताटात टाकायची कोणाची छाती नव्हती.

एवढा माणूस घरात, आणि आत्याच्या सुरीची मूठ मात्र सैल. सुरी त्यांच्याच कारखान्यातली, पहिल्या खेपेची, हौसेनं आणलेली. भोपळा चिरायला घेतला की मूठ एकीकडे आणि पातं भलतीकडे. आत्याने जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी मुठीला गुंडाळली होती आणि अंगठा पात्याच्या मुळाशी दाबून ती कशीबशी चिरायची.

"अवो, येवढी मूठ तरी बशिवता का?" ती म्हणे.

"एका सुरीपायी कालवायचं? येवढंसं मापात बसत न्हाई, उरल्यालं वाया जाईल की. साचू दे, समदं एकदम करू."

मालकांना विचारून त्यांनी दोन बाटल्या आणूनही ठेवल्या होत्या. एक स्वयंपाकघरातल्या फळीवर, दुसरी बाहेरच्या खोलीत. मग साचवायला सुरुवात झाली. आत्याच्या खाटेखाली एक लाकडी खोकं आलं. त्यात कान तुटलेले कप, छत्रीची मूठ, आत्याच्या माहेरच्या आरशाची चौकट, पाटाचा पाय असं एकेक जाऊन पडू लागलं. सुरी तेवढी खोक्यात गेली नाही, कारण ती रोज लागे.

"तुमचं साचंस्तवर मी मसणात जाईन," आत्या म्हणायची, आणि आम्ही हसायचो. तीही हसायची.

पुढे एका थंडीत तिला ताप आला आणि छाती भरली. दवाखान्यातून घरी आणली ती आता फार दिवस नाहीत म्हणूनच. एका दुपारी तिने खाटेवरूनच विचारलं, "भरलं का वो खोकं?"

आतोबा वाकून खोक्यात बघत म्हणाले, "आता थोडंच ऱ्हायलंय."

तेरावा झाल्यावर आतोबांनी खोकं अंगणात ओढलं. रेझिन थंडीने घट्ट झालं होतं, बाटली उन्हात ठेवली. मग मोठं भांडं घेऊन दोन्ही बाटल्या त्यात रिकाम्या केल्या. इतकं एकदम कालवलं की ते तापतं आणि झटकन आवळतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी तसं म्हणालोही. त्यांनी ऐकलं नाही. कपांचे कान बसले, छत्री झाली, आरशाची चौकट झाली, पाट झाला. सुरी शेवटी उरली.

तिची चिंधी सोडावी लागणार होती. आत्याने गाठीवर गाठ मारली होती. मी कात्री पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली. नखांनी एकेक गाठ उकलत बसले. मधेच थांबून चिंधीकडे बघत, पुन्हा उकलत. शेवटची गाठ सुटली तेव्हा त्यांनी भांड्यातली कालवायची काडी उचलली, तर काडीबरोबर भांडंच वर आलं.

त्यांनी भांडं पालथं करून बघितलं.

"वाया गेलं," म्हणाले. मग म्हणाले, "ती येवढंच तर मागत हुती रं."

उद्या कारखान्यातून थोडं आणू, असं मी म्हणालो. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि चिंधी पुन्हा मुठीला गुंडाळायला घेतली. तिच्यासारखी गाठ काही त्यांना जमेना. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता, हे खरं. पण आता त्या अंगणाची आठवण झाली की रागाचा मागमूस राहत नाही, फक्त वाईट वाटतं.

संध्याकाळी त्यांनी त्याच सुरीने कांदा चिरायला घेतला. मूठ हातात फिरली. ते थांबले, आणि आत्या धरायची तसा अंगठा पात्याच्या मुळाशी दाबून बघू लागले.